न धुतलेले हात

हौसानं हात मागे ओढून घेतला आणि म्हणाली, "बाय, आदी तुमी लावून दाखवा. मंग मी." छपरीत बसलेल्या बाकीच्या बायका हसल्या. तिचं काही चुकलं नव्हतं. मुंबईहून कोणी एक बाई येते, मिठागराच्या बांधावर हार्मोनियमएवढी पेटी उघडून बसते, पेटीतून तार निघते, तारेच्या टोकाला काचेची नळी, आणि ती नळी म्हणे हाताला टेकवायची. मी तिच्या जागी असते तर हात सोडा, नखसुद्धा दिलं नसतं. "करंट बिरंट काही लागत नाही गं," मी म्हटलं, "प्रत्येकाच्या कातडीवर थोडं आम्ल असतं, आंबटपणा म्हण, तो किती आहे ते बघायचंय." "आंबट? मी काय कैरी हाय?" हौसा म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. एप्रिलचं ऊन मिठाच्या ढिगांवरून उलटून डोळ्यांत येत होतं, वाऱ्यानं पेटीवरचा काटा थरथरत होता, मी वैतागले होते. म्हणून फारसा विचार न करता डावा हात पुढे केला, कोपराखाली आतल्या अंगाला डिस्टिल्ड पाण्याचा थेंब सोडला आणि त्यावर काच टेकवली. काटा उठला, जरा डुलला आणि सातावर जाऊन बसला.

धडधाकट माणसाचा काटा पाच-साडेपाचाच्या आसपास राहतो. सात म्हणजे नुसतं पाणी. कातडीनं स्वतःचं असं काही धरूनच ठेवलेलं नाही, असा त्याचा अर्थ. मी काच पुसून पुन्हा टेकवली. सातच. "बघ, काही झालं का मला?" असं मी हौसाला म्हटलं आणि माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. हौसानं मग हात दिला. तिचाही सात. शेजारच्या भामाचा सातच्या किंचित पुढे. बाकीच्यांचे तसेच. त्यांचं मला नवल वाटलं नाही. जन्म खाऱ्या पाण्यात गेलेला. आमच्या डॉक्टरांचा अंदाजच तो होता, की मिठागरात राबणाऱ्यांच्या कातडीवरचं आम्ल उतरलेलं असणार, आणि तेवढं बघायला त्यांनी मला पेटी देऊन पनवेलला धाडलं होतं. दवाखान्यात पंख्याखाली अर्धा तास बसवून मोजणं वेगळं, कुमुदबाई, आणि माणूस जिथे घाम गाळतो तिथे जाऊन मोजणं वेगळं, असं ते म्हणायचे. वेगळं खरंच. दवाखान्यात कोणी मला 'आधी तुम्ही' म्हटलं नव्हतं. पण मी कुठे मीठ ओढत होते? परळला एका खोलीत राहणारी, प्रयोगशाळेत नोकरी करणारी, भाताला मीठसुद्धा बेतानं घालणारी बाई मी. माझ्या हातावरचं आम्ल कुणी नेलं?

मनगटावर घड्याळ होतं. ते मी सहसा काढत नाही. त्याच्या पट्ट्याखाली एक डाग होता, चार आण्याच्या नाण्याएवढा, फिकट, खरखरीत, दिवाळीपासूनचा. मला तो माहीत होता आणि माहीत नव्हताही. आमच्या खात्यात त्या रोगाचे डाग तपासतात तेव्हा आधी बघतात की डागावर घाम येतो का, मग कापसाची वात फिरवून विचारतात, कळतंय का. घाम नाही तिथे आम्ल नाही, आम्ल नाही तिथे काटा वर चढतो, ही बेरीज मला कोणी शिकवायला नको. दिवसभर कापसाच्या डब्याशेजारी बसायचे मी. एक वात वळून स्वतःच्या मनगटावर फिरवायला किती वेळ लागतो? दिवाळीपासून तेवढा वेळ मला मिळाला नव्हता. आणि आता तर काटा डागावर नव्हे, चांगला वीतभर वर चढला होता. म्हणजे डाग तेवढाच नाही. सगळा हात गेला. मी पेटी बंद केली, मुकादम दयारामला उद्या पुन्हा येते म्हणून सांगितलं आणि खाडीच्या बांधानं गावाकडे चालू लागले. दयाराम मागून म्हणाला, "बाय, सावलीला घोटभर पानी तरी प्या." मी नको म्हटलं तरी त्यानं तांब्या पुढे केलाच. त्या तांब्याला मी तोंड लावलं नाही, वरून प्याले. कुणासाठी वरून प्याले, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, ते तेव्हा मलाच ठरवता आलं नाही.

माझ्या आईला तो रोग होता, महारोग. एका वाक्यात सांगते कारण आमच्या घरात ते एका वाक्यातसुद्धा कधी कुणी सांगितलं नाही. मी सहा वर्षांची असताना तिचं ताट वेगळं झालं, मग अंथरूण, मग परसातल्या लाकडं ठेवायच्या खोलीत तीच. एके दिवशी सकाळी बैलांची दमणी आली आणि तिला डोंगरापलीकडे मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. काकूनं मला न्हाणीत नेऊन लाल साबणानं कोपरापर्यंत घासलं आणि म्हणाली, "कशालाही हात लावलास की धुवायचा. धुतलास का, असं मला विचारावं लागता कामा नये." तिला कधी विचारावं लागलं नाही. मी शाळेतून आले की धुवायची, जेवायच्या आधी, जेवल्यावर, पुस्तकाला हात लावला की, पैशाला लावला की. पुढे मुंबईला शिकायला गेले, नोकरीला लागले, काकू गेली, तरी लाल साबणाची वडी माझ्या पर्समध्ये डबीत घालून असायचीच. प्रयोगशाळेत माझं स्वच्छतेबद्दल नाव होतं. दोनतीन जणांनी लग्नाचं विचारलं तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. एकट्या बाईला लोक काय म्हणायचं ते म्हणतातच, त्यात माझं हात धुणं त्यांना फार मोठं वाटत नसे.

वडिलांनी एकदाच मला आईकडे नेलं. कर्नाळ्याचा सुळका किती वेळ उजव्या हाताला तसाच होता, दमणी पुढे जात असूनही, हे मला आठवतं. दवाखान्याच्या ओसरीवर आई उभी होती. आम्ही पायरीखाली. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. मला वाटलं, माझ्यासाठी खाऊ आणलाय आणि गंमत म्हणून लपवलाय. मी वाट बघत राहिले. ती माझा अभ्यास विचारत होती, केस कोण विंचरतं विचारत होती, आणि मी नुसती तिच्या खांद्यांकडे बघत होते, की आता हात पुढे येतील. ते आलेच नाहीत. परतीच्या वाटेवर मी रुसून बसले होते, आणि वडिलांनी कारणसुद्धा विचारलं नाही. त्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

तर बांधावरून जाताना हे सगळं. आता गोळ्या निघाल्या आहेत, रोग बरा होतो, वेळेवर आलात तर बोटसुद्धा वाकडं होत नाही, हे मी स्वतः आमच्याकडच्या रोग्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगते. चांगलं सांगते मी. माणसं रडायची थांबतात. पण दुसऱ्याला सांगायचं शहाणपण स्वतःच्या कामी येतं तर काय हवं होतं. माझ्यासमोर प्रश्न गोळ्यांचा नव्हताच. रविवारी माझ्या भाच्याचं बारसं होतं. धाकट्या भावाला, नानाला, लग्नानंतर सात वर्षांनी मूल झालेलं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते खोळंबलं होतं माझ्यासाठी, कारण घरात दुसरी आत्या नाही, आणि आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव कसं ठेवणार? आत्यानं बाळाला घ्यायचं, पाळण्याखालून वरून द्यायचं घ्यायचं, कानाशी तोंड न्यायचं. मी कामाची निमित्तं सांगून चार महिने ढकलले होते. मग डॉक्टरांनी नेमकं पनवेलच काढलं, आमच्या गावाशेजारचं. डाग खरा असेल तर मी त्या पोराला हात लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आणि लावायचा नाही तर का नाही, हे वेणूला सांगावं लागणार होतं. मग नानाला. मग पुन्हा परसातली खोली. खोली आता पाडली आहे, तिथे पपई लावली आहे, पण मला ती डोळे मिटूनही दाखवता आली असती.

घरी पोचले तर वेणू दारातच बाळाला घेऊन उभी. "वन्सं, आज तरी घ्या ना. बघा, तुमच्याकडेच झेप घेतोय." मी म्हटलं, "थांब, उन्हातून आलेय, हात धुऊन येते," आणि मागच्या पायरीवर जाऊन धुतले, एकदा, आणि घड्याळ न काढताच पुन्हा एकदा, कोपराच्या वरपर्यंत. परत आले तेव्हा मला कळलं की मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी आहे. वेणूनं ते पाहिलं. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "चहा टाकते." मी "नको गं, कशाला" म्हटलं आणि तिनं आधण ठेवलंच. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिला वाटत होतं, सात वर्षं मूल नव्हतं तेव्हा कुणी काही बोललेलं मी मनात धरलंय, नाहीतर मला मूलच आवडत नाही. वाटू दे, मी मनात म्हटलं. खरं कळण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या दिवशी पेटी लावून बसले तेव्हा मिठागरात काम जोरात होतं. बायका वाफ्यातलं मीठ टोपल्यांत भरून डोक्यावरून ढिगाकडे नेत होत्या, आणि दयाराम एकेकीला हाक मारून माझ्याकडे धाडत होता. येणारी प्रत्येक जण आधी छपरीमागे जायची आणि मग हात पुसत माझ्यापुढे बसायची. मला वाटलं, लुगडं सारखं करायला जात असतील. काटा सात, सात, पुन्हा सात. मी निर्विकारपणे आकडे टिपत होते. मग हौसा आली ती सरळ ढिगाकडूनच, धापा टाकत, टोपली बाजूला फेकून. मला तिचा हात दुसऱ्यांदा घ्यायचा होता. दयाराम तिच्यावर खेकसला. "अशीच बसलीस? हात कोन धुनार? बाय काय म्हनतील?" हौसा म्हणाली, "मामा, साबन सरला. त्या ठकीनं आख्खा सारवला."

मी पेन खाली ठेवलं. "कसला साबण?"

दयाराम अवघडला. मग छपरीमागे जाऊन त्यानं एक पत्र्याचं झाकण आणलं, त्यात लाल साबणाचा नखाएवढा तुकडा उरला होता. काल पहाटे तो पनवेलच्या बाजारात जाऊन वडी घेऊन आला होता. "पन मी तुम्हाला परवा सांगितलं होतं ना," मी म्हटलं, आणि माझ्याही तोंडून 'पन' गेलं, "की कुणी हात धुऊ नका म्हणून? सकाळपासून साबण लावायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं." "सांगितलंत ना, बाय." "मग?" तो बांधाकडे बघत म्हणाला, "आता पावना च्या नको म्हनतो, म्हनून काय आपुन च्या करीत नाय? तुमी मोठ्या मनानं बोललात. आमी काय खारट हात घेऊन तुमच्या म्होरं बसनार व्हतो?" भामा म्हणाली, "प्यायचं गोडं पानी व्हतं त्यानंच धुतलं, बाय. अगदी वरपावतर." आणि तिनं दंडापर्यंत हात दाखवला, कौतुकानं.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. दोन दिवसांची मोजणी मातीमोल. त्या रणरणत्या जागी, जिथे प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथे या बायकांनी ते माझ्या काचेसाठी हातांवर ओतलं होतं, कारण मी नको म्हटलं होतं. मिठाचा काही संबंधच नव्हता. मी मिठागर मोजतच नव्हते, मी साबण मोजत होते. "हौसा, बस अशीच," मी म्हटलं. तिच्या हातावर कोपराखाली घाम नुकता सुकत होता. थेंब सोडला, काच टेकवली. काटा उठला, डुलला आणि साडेपाचावर थांबला. मी पुन्हा पाहिलं. साडेपाच. मी हौसाच्या हाताकडे बघत राहिले, काळा, घट्ट, मिठाच्या बारीक कणांचा, कुणीही न घासलेला हात, आणि हायसं वाटू लागलं तसं मी स्वतःला आवरलं. कारण आकडा कळला होता, डाग नव्हता कळला. लाल साबण तर माझ्या पर्समध्येही होता. पण साबणानं डाग थोडाच येतो?

"दुसऱ्या वाफ्यावरच्या बायका न धुता बसतील का, विचारते," म्हणून मी उठले. बांध निसरडा होता, माझ्या पायांत शहरी चपला. हौसानं मागून माझं मनगट पकडलं, घड्याळासकट, तिच्या ओल्या खारट पंजानं, आणि म्हणाली, "पडाल, बाय. चपला काढा." आणि त्याच क्षणी पट्ट्याखाली आग लागली. मी ओरडले. चांगलीच. हौसानं हात सोडला. "काय झालं? लागलं?" मी घड्याळ ओढून काढलं. पट्ट्याचं चामडं आतून ओलं, बुळबुळीत, कालच्या, परवाच्या, दिवाळीपासूनच्या साबणाच्या पाण्यानं. आणि त्याखाली डाग लाल झालेला, बारीक भेगांचा, आणि प्रत्येक भेगेत मीठ शिरलेलं. "झोंबतंय," मी म्हटलं. "झोंबनारच. चिरलंय ना ते. पट्ट्याखाली पानी मुरलंय. धुवा आता गोड्या पान्यानं." "नको," मी म्हटलं. मी वाफ्याच्या कडेला बसले आणि मनगट खाऱ्या पाण्यात बुडवलं. झोंबलं. बाहेर काढलं, फुंकर घातली, पुन्हा बुडवलं. पुन्हा झोंबलं, मधोमध झोंबलं, कडेला झोंबलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हौसा माझ्याकडे बघत उभी राहिली. बाईला ऊन लागलं असं तिला वाटलं असणार. "भामे, पानी आन गं," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "मला दुखतंय गं, हौसा." ती म्हणाली, "मंग हसताव कशाला?"

काय सांगणार तिला? की इतके महिने मी कापसाच्या डब्याशेजारी बसून जे विचारलं नाही त्याचं उत्तर तिच्या पंजातून आलं? जी कातडी मेली, ती ओरडत नाही. माझी ओरडली. मोठी अक्कल लावून मी घाम आणि आम्ल यांची बेरीज केली होती आणि पट्टा काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. सुटका झाल्यावर माणसाला देव आठवतो म्हणतात, मला आधी राग आला. काकूचा आला, साबणाचा आला, वडिलांनी दमणीत मला काही न सांगितल्याचा आला. मग तोही ओसरला. मुंबईला गेल्यावर डॉक्टरांना मनगट दाखवायचं हे मी ठरवलं, त्यांनी कापूस फिरवला की हो कळतंय म्हणायचं, मग पट्ट्यावरून ते मला चार शब्द सुनावतील, आणि मी ऐकून घेईन. बांधावर बसल्या बसल्या मला भूक लागली. दिवाळीपासून मला अशी भूक लागली नव्हती. हौसाच्या फडक्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मी तिच्याच हातून घेऊन खाल्ली, आणि हात धुवायला उठले नाही.

दयारामला मी पुन्हा बसवून सांगितलं. "उद्या कुणी हात धुऊन आलं तर मी तशीच परत मुंबईला जाईन. हे मोठ्या मनानं सांगत नाही, लहान मनानं सांगतेय." तो म्हणाला, "तुमी पन मंग धुवायचे नाय, बाय." बायका हसल्या. मी म्हटलं, "नाही धुणार." कबूल करून बसले खरी. त्या संध्याकाळी जेवल्यावर खरकटं जाण्यापुरती बोटं पाण्यात बुचकळली, साबण पर्समध्ये तसाच. दर थोड्या वेळानं माझे पाय आपोआप मागच्या पायरीकडे वळत होते आणि मी त्यांना माघारी आणत होते. हातांवर सगळं जमत होतं, धूळ, घाम, दोरीवरच्या कपड्यांचा वास, आणि मला त्याची किळस येत होती, आणि किळशीखाली एक नवी, ऊबदार, घरच्यासारखी काहीतरी जाणीव. वेणूनं एकदोनदा पाहिलं, की आज वन्सं मागे जात नाहीत. 

दुसऱ्या दिवशी दुपारी छपरीत सगळ्या बायकांचे काटे पाचासहाच्या मधे येत गेले. मिठागरानं त्यांचं काही फारसं नेलं नव्हतं. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, त्यांना वाईट वाटणार होतं, वाटू दे. सगळ्यात शेवटी हौसा म्हणाली, "आता तुमी." मी हात पुढे केला. काटा उठला. माझ्याभोवती बायका वाकून बघत होत्या, त्यांना आकडा वाचता येत नसला तरी कुठली बाजू चांगली ते आता कळायला लागलं होतं. काटा सातापर्यंत गेलाच नाही. साडेसहाच्याही अलीकडे थांबला. एका दिवसात एवढं परत आलं होतं. "उतरला," भामा म्हणाली. "बायची कैरी झाली," हौसा म्हणाली. मी काच पुसून पेटीत ठेवली आणि त्यांच्याबरोबर हसत बसले.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वेणू ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला बघताच सवयीनं उठली, एका हातानं जवळच भरून ठेवलेला तांब्या आणि टॉवेल पुढे केला. "धुऊन घ्या, वन्सं." पाठीमागे माझे हात एकमेकांत अडकलेले होते. मी पायरीखाली उभी होते. माझ्या खांद्यांकडे बघत कुणीतरी वाट पाहतंय असं मला वाटलं, सहा वर्षांची एक मुलगी, रुसायच्या बेतात. "राहू दे," मी म्हटलं, "आण त्याला इकडे." वेणू तशीच थांबली. मग तिनं तांब्या खाली ठेवला. मी हात पुढे काढले, मिठाचे, धुळीचे, एका मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण असलेले, आणि त्यात बाळ आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. त्यानं माझं बोट पकडलं आणि सरळ तोंडात घातलं. मग त्याचं सगळं तोंड वाकडं झालं, कपाळाला आठ्या पडल्या, जीभ बाहेर आली. "अगं बाई, खारट लागलं असेल," वेणू पदर घेऊन पुढे झाली. पण तोवर त्यानं बोट पुन्हा तोंडात घातलं होतं.